बालविभाग हाती घेतलेल्या मित्रास पत्र

सांगली,
२० जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या वाचनालयातील बालविभाग तुझ्याकडे आल्याचे वाचून फार आनंद झाला. मुलांना पुस्तकांकडे कसे वळवावे, असे तू विचारले आहेस. इतकी वर्षे देवघेवीच्या टेबलाशी काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, मुलाच्या आधी त्याला घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसाला हाताशी धरावे. मूल आपल्याकडे आठवड्यातून जेमतेम अर्धा तास असते. वाचनाची गोडी लागायची ती घरीच लागते.

मागच्या महिन्यात हरिपूरच्या एक आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. "मला लिहिता-वाचता येत नाही, पुस्तक नेऊन काय करू?" असे म्हणत त्या दाराशीच थांबल्या होत्या. मी चित्रांचे एक पुस्तक त्यांच्यापुढे उघडले आणि पानावर काय दिसते, एवढेच विचारले. हौदावर पाणी पिणारी म्हैस होती. "गाभण दिसतीय," आजी म्हणाल्या, आणि पाहता पाहता त्या म्हशीला नाव मिळाले, मालक मिळाला, वैरणीवरून शेजाऱ्याशी भांडणही झाले. नात मात्र पान उलटायचा मान कोणाला देईना. आजींचा हात बाजूला सारून ती स्वतःच उलटत होती. पुस्तकाची नोंद करताना मी आजींना सांगितले की, रोज निजण्यापूर्वी असेच सांगा, मध्येच थांबून "पुढं काय झालं असेल?" असे विचारा आणि ती सांगेल तशी गोष्ट पुढे न्या. जो शब्द मुलाने आधी कानांनी ऐकलेला असतो, तो पुढे छापलेला दिसला की त्याला लवकर ओळखता येतो; म्हणून निरक्षर आजीही नातीच्या वाचनाचा पाया घालू शकते, हे त्या आजीला सांगणारे कोणीतरी हवे, आणि ते काम आपले आहे.

शिकलेल्या पालकांची अडचण निराळी असते. मूल एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेते, नुसती चित्रे पाहते, त्यापेक्षा सामान्यज्ञानाचे द्या, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांना शांतपणे समजाव की, पाठ झालेल्या गोष्टीतच मूल पुढचे वाक्य ओळखायला शिकते. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' असे एक सूत्र आहे. त्यातला 'त्याचे' हा शब्द मुलांनाही लागू आहे, असे मी मानतो. आणखी एक, फाटलेल्या पानाचा दंड घेऊ नकोस. दंडाच्या धास्तीने पुस्तक कपाटावर जाते आणि पंधरा दिवसांनी कोरेच्या कोरे परत येते.

ज्यांना वरचेवर येणे जमत नाही, त्यांना बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोबाइलवर मोफत वाचता येतात, हे दाखवून दे. ते मासिक १९७१ पासून निघते, त्यामुळे वडिलांनी लहानपणी वाचलेला अंक मुलाला सापडण्याची शक्यता असते. तुझ्याच जिल्ह्यात मे २०१७ पासून भिलार हे पुस्तकांचे गाव आहे; दोन-चार कुटुंबांना मिळून एकदा तिकडे घेऊन जा. गावकऱ्यांच्या घराच्या ओसरीवर बसून वाचता येते, हे मुलांनी एकदा पाहिलेच पाहिजे.

शेवटी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या बालविभागाचे सर्वांत जास्त नुकसान झाले, कारण मुलांची पुस्तके खालच्या कप्प्यांत होती. भिजून फुगलेली ती पुस्तके मी स्वतः उचलली आणि त्या धसक्याने नवी सगळी वरच्या कप्प्यांत लावली. पुस्तके सुरक्षित राहिली, पण मुले ती मागेनाशी झाली. सहा महिन्यांनी एक मुलगा स्टुलावर चढताना मी पाहिला, तेव्हा कारण उमगले. आता ती पुन्हा खाली आहेत. पावसाळ्यात पाणी वाढू लागले की मी आणि शिपाई मिळून ती माळ्यावर चढवतो आणि पाणी उतरले की खाली आणतो.

तुझ्याकडचा सर्वांत वरचा कप्पा जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजून कळव.

तुझाच,
सांगलीकर मित्र