जास्वंद वाचवणाऱ्या वॉचमनकाकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या पेरणीला म्हणून गावी गेलात ते परत आलाच नाहीत. एजन्सीने दुसऱ्या दिवशी नवा माणूस दिला. माणूस चांगला आहे, पण झाडापाशी थांबत नाही. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुमचा मुलगा हे वाचून दाखवेल, म्हणून उघडच लिहिते. आपल्या सोसायटीतल्यांनीही वाचावं.

मार्चमध्ये मी जास्वंदीची कुंडी कचऱ्यात टाकायला खाली आणली होती. शेंड्याशेंड्याला कापूस चिकटल्यासारखं पांढरं, पानं चिकट, त्यावर काळी बुरशी. नर्सरीवाल्याने दिलेलं औषध मी भर दुपारी, दुप्पट घालून फवारलं होतं. कीड मजेत होती, करपली ती पानं. तुम्ही गेटवरच अडवलंत. "ताई, हा मिलीबग. आमच्या कापसावर येतो तोच. जास्वंद, भेंडी, कापूस, सगळे भाऊबंद हायत." घोडबंदर रोडवरच्या बाल्कनीतली जास्वंद तुमच्या परभणीकडच्या कापसाची नातेवाईक निघेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, "मुंग्या कुठून चढतात?" मी कधी पाहिलंच नव्हतं! मिलीबगच्या अंगातून गोड पाणी सुटतं, मुंग्या ते चाटतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. त्याच गोडावर ती काळी बुरशी धरते. कुंडी भिंतीपासून सरकवली, ग्रीलला टेकलेल्या फांद्या छाटल्या, मुंग्यांची वाट तुटावी म्हणून ताटलीत पाणी भरलं, मधे वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवली. ताटलीत पाणी म्हटल्यावर मी डेंग्यूच्या डासांची भीती घातली, तर तुमचं उत्तर तयार होतं: "साबणाचं ठेवा की."

किडीच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे नुसती फवारणी ओघळून जाते. म्हणून आधी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे, खताच्या डब्यात नाही. मग लिटरभर पाण्याला पाच मिली निंबोळी तेल, तेही आधी थोड्या साबणात घोटून, ऊन उतरल्यावर आणि पानाच्या खालच्या बाजूने. आठ दिवसांनी पुन्हा. एवढं सगळं तुम्ही रात्रपाळीत, गाड्यांना गेट उघडत उघडत सांगितलंत.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीचे. दोनेक आठवड्यांनी फांदीवर पुन्हा पांढरं दिसलं, या खेपेला मोठं आणि केसाळ. मी ब्रश घेऊन सरसावले होते, पण आधी तुम्हाला फोटो दाखवला. तुम्ही विचारलंत, "पळतंय का?" पळत होतं. "मग मारू नका. हा ढालकिड्याचा पोरगा. मिलीबगच खातो. शेतीशाळेत साहेबांनी दाखवला होता, मित्रकीड म्हणून." नंतर वाचलं, त्याचं नाव क्रिप्टोलेमस, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात आणलेला. अळी दिसायला हुबेहूब मिलीबगसारखी आणि खाते मिलीबगलाच! फवारणी थांबवली. महिनाभरात झाड मोकळं झालं.

आता काहीही दिसलं तरी औषधाच्या बाटलीकडे हात जायच्या आधी मी नीट बघते. मेट्रोच्या कामाची धूळ बसून मोगऱ्याची पानं ठिपकेदार फिकी पडली, तेव्हा पांढऱ्या कागदावर पान झटकलं. ठिपके चालू लागले! लाल कोळी. तीन-चार दिवस पानं खालून जोरात धुतली, बस. आणि तुळस पिवळी पडली त्यात कीड नव्हतीच. मीच पाणी जास्त घालत होते.

लव्हाळ्याच्या तणाचं तर सगळ्या सोसायटीने पाहिलंय. गेल्या पावसाळ्यात समितीने लॉनवर तणनाशक मारायचं ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, लॉनही गवतच की, तेही जळेल. वरून उपटलं तर पातं हातात येतं आणि जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. तुम्ही खुरपं घेऊन गाठीसकट काढत बसलात, दर पंधरा दिवसांनी, पगाराबाहेरचं काम. कुणी चहासुद्धा विचारला नाही. मीही नाही. याची लाज वाटते.

जाताना रिकाम्या कुंडीत कापसाच्या सरकीचे दोन दाणे टोचून गेला होतात. एक उगवला, आता कमरेएवढा झालाय. रोज सकाळी पानं उलटून बघते. काल पहिलं फूल आलं, फिकट पिवळं. आज तेच गुलाबी झालंय. हा रोग तर नाही ना, काका? फोन करा.

तुमची,
बी विंगमधली ताई
ठाणे