मेनूकार्ड माझ्यापुढे सरकवून थांबलेल्या मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणीस,

तुझं नाव मी इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. माझ्यावर आलेली वेळ ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्यांच्यासमोरच तुझे आभार मानावेत असं मनात फार आहे.

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. भावकीतून जेवणाचे डबे येत होते, दाराशी चपलांना जागा नव्हती. रक्षाविसर्जन झालं, उत्तरकार्य झालं आणि पाहुणे आपापल्या गावी गेले. निघताना प्रत्येकजण म्हणत होता, "काही लागलं तर हाक मार." कशासाठी मारणार हाक? बँकेची, पेन्शनची कामं मुलाने बेंगळुरूहून बघितली. पण संध्याकाळी सातच्या सुमाराला, हे कामावरून यायचे त्या वेळेला, दाराकडे कान लागायचा. त्या वेळी काय करायचं, हे विचारायला कुणाला हाक मारायची असते?

माणसं गेली आणि सल्ले मागे राहिले. वर्ष सरेपर्यंत देवळात जाऊ नका. लांबचा प्रवास नको. रंगीत साडी इतक्यात नको, लोक काय म्हणतील. घरातल्याच एका लग्नाच्या आदल्या दिवशी मला निरोप आला, "तुम्ही हळदीला येऊ नका, थेट अक्षतांना या. आणि जरा मागे बसा." ज्या मुलाच्या लग्नाचा हा निरोप, त्याला मी लहानपणी माझ्या मांडीवर झोपवलेलं आहे.

आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला होता, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, त्याच महिन्यात. सरकारनेही मग परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी तेव्हा महिला मेळाव्यात या ठरावावर भाषण केलं होतं. चांगलं बोलल्या होत्या, माझ्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांना नेलं त्या दिवशी त्याच बाई माझे दोन्ही हात घट्ट धरून उभ्या होत्या आणि दुसरी एक जण माझ्या बांगड्या फोडत होती. मला त्याचा राग आहे. अजून आहे. ठराव गावाच्या दफ्तरात राहिला आणि हात माझे धरले गेले.

तू मिरजेहून पोचलीस तोवर सगळं उरकलं होतं. मनगटाला काच लागली होती. तू मला मोरीत नेलंस, हात धुतलास, हळद लावलीस आणि तिथेच माझ्याशेजारी खाली बसलीस. बोलली काहीच नाहीस.

पुढचे महिने तू येत राहिलीस. यायचीस ती जयसिंगपूरचा भडंग पिशवीत टाकून, आणि आल्या आल्या पेपरातलं शब्दकोडं काढून बसायचीस. आपण वसतिगृहात असताना बसायचो तशीच. उभा आठवा शब्द अडला की मला विचारायचीस. मी भाजी निवडत उत्तर द्यायची. सांत्वनाला येणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, ही रडते का, खाते का, झोपते का. तू कोड्याकडे बघायचीस. त्यामुळे तुझ्यासमोर मला रडता यायचं आणि रडणं थांबल्यावर चहाही टाकता यायचा.

मग चैत्रात तू म्हणालीस, "रत्नागिरीला बहिणीकडे जायचंय. एकटीला कंटाळा येतो. चल सोबत." तुझं तिथे काही अडलेलं नव्हतं, हे मला मागाहून तुझ्या बहिणीनेच सांगितलं. घरच्यांना काय सांगायचं याची मला धास्ती होती. तू फोन घेऊन त्यांना एवढंच म्हणालीस, "मी तिला नेतेय आणि मीच आणून सोडणार आहे." पुढे कुणी काही विचारलं नाही. इतकी सोपी गोष्ट होती ती, पण तोवर कुणी केली नव्हती.

कोल्हापूर स्टँडवर तू खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीस. कंडक्टरने मार्च २०२३ पासून बायकांना मिळतं ते अर्धं तिकीट दिलं आणि तू ती दोन्ही तिकिटं माझ्याच हातात ठेवलीस. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट लागला आणि हवा बदलली. रस्त्याचं काम चालू होतं, धूळ उडत होती, तरी मी खिडकी लावून घेतली नाही. साखरप्याच्या पुढे कुठेतरी काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला. आमचं आजोळ राजापूरकडचं. तो वास मला लहानपणीच्या सुट्टीत घेऊन गेला, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात यांच्या जाण्याखेरीज दुसरं काहीतरी आलं. शेजारच्या बाईने आमच्या दोघींच्या हातावर मीठ-तिखट लावलेली कैरीची फोड ठेवली. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगते. तुला कदाचित आठवतही नसेल.

रत्नागिरीत उतरल्यावर आपण जेवायला एका खानावळीत गेलो. लहानशीच जागा, चार टेबलं, भिंतीवर गणपतीची तसबीर. पोऱ्याने मेनूकार्ड आणून ठेवलं. मी न बघताच म्हणाले, "तुझं होईल तेच मला सांग." तू कार्ड माझ्याकडे सरकवलंस. म्हणालीस, "तुला काय खायचंय?" आणि गप्प झालीस. बाहेर रस्त्याकडे बघत बसलीस, म्हणजे मला कुणी बघतंय असं वाटू नये. पोऱ्या आला, तू म्हणालीस, "थांबा जरा, त्या बघताहेत." तो गेला. परत आला. तू पुन्हा तेच म्हणालीस, आवाज जराही न चढवता.

मला काय खायचंय हे मला आठवेना. लग्न झाल्यापासून घरात जे शिजलं ते मी खाल्लं आणि त्यात दुःख काहीच नव्हतं. यांना माशाचा वास सोसायचा नाही, म्हणून मासे घरात आले नाहीत. त्यांनी मला कधी अडवलं नाही आणि मीही कधी मागितले नाहीत. ते गेल्यावर मी काय खावं, काय खाऊ नये, हे इतरांनी ठरवायला घेतलं. पथ्यासारखं ताट माझ्यापुढे यायचं आणि मी ते संपवायची. त्या टेबलाशी मी कार्ड वरून खाली वाचलं, पुन्हा वाचलं. आणि मग आजीच्या चुलीपाशी बसल्याची आठवण झाली आणि म्हणाले, "बांगडा."

तुझा गुरुवार होता. तू स्वतःसाठी भाजी-भाकरी सांगितलीस आणि माझ्यासाठी बांगड्याची थाळी. ताट आल्यावर त्यावरचं लिंबू तू पिळलंस, सोलकढीची वाटी माझ्या उजव्या हाताला ठेवलीस. वर्षाच्या आत मासे खाल्ले म्हणून मला काय काय ऐकावं लागेल, हे तुला ठाऊक होतं. तू ते तोंडावर आणलं नाहीस. मी काटे काढत जेवले, तांदळाची भाकरी अजून एक मागून घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं. पोऱ्याला वाटलं तिखट झालं, त्याने न मागता आणखी सोलकढी आणून दिली. त्या मुलाचंही भलं होवो.

माझ्या दुःखाबद्दल लोक मला खूप काही म्हणाले. बरंचसं चांगल्या मनानेच म्हणाले असतील. पण मला काहीतरी हवंसं वाटू शकतं, एवढं गृहीत धरणारी तू एकटीच होतीस. आणि ते माझ्या तोंडून येईपर्यंत तू थांबलीस.

दुसऱ्या दिवशी आपण थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. जांभ्या दगडाचा हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे तोवर राजाचं निम्मं आयुष्य इथेच सरलं होतं. १९१६ मध्ये तो वारला. परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नव्हतं. मी त्या रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी उभी होते आणि मला सारखी त्याची राणी सुपयालतच आठवत होती. नवरा परक्या गावात गेलेला, आपलं गाव समुद्रापलीकडे. १९१९ मध्ये तिला रंगूनला जायला मिळालं. त्या मधल्या वर्षांत तिच्याकडे कोण येत असेल? तिला कुणी काही विचारत असेल का? मी हे तुला म्हणाले. तू म्हणालीस, "स्वयंपाकघर कुठे होतं ते बघू या का?" आणि आपण ते शोधत वाडाभर हिंडलो. त्यांची नात टूटू मात्र रत्नागिरीचीच झाली, मराठी बोलली, इथेच संसार करून इथेच गेली. राजाच्या कहाणीत हिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. मला ती जवळची वाटली.

संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघत बसलो. तिथे मी तुझ्याशी यांच्याबद्दल पहिल्यांदाच हसून बोलले. ते बसमध्ये शिरताना रुमाल टाकायला लाजायचे, म्हणून आम्ही नेहमी उभ्याने प्रवास केला, हे सांगितलं. तू हसलीस. हसताना मला त्यांची जास्तच आठवण आली, आणि तरी हसावंसं वाटलं.

परत येताना बाजारातून ओल्या काजूचे गर घेतले. घरी आल्यावर त्यांची उसळ केली, ओलं खोबरं वाटून घातलं. मी एकटीच जेवायला होते, तरी ताट वाढून घेतलं, पातेल्यातून खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी अपेक्षेप्रमाणे फोन आले. कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, बांगडा खाल्ला. चांगला होता." मग कुणी काही बोललं नाही.

आता मी संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जाते. सातच्या सुमाराला घरी नसते, मुद्दामच. परतताना कधी कणीस, कधी नुसता चहा. करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी पुन्हा भरली आहे. ते वाचनालय १८५० सालचं, तिथे पुस्तकं उघडली की जुन्या कागदाचा वास येतो. कुठलं पुस्तक घेऊ, हे मी आता कुणाला विचारत नाही. कपाटापुढे उभी राहते आणि वेळ घेते. यांची खुर्ची आहे तिथेच आहे. कधी त्यांच्या चपला पुसून ठेवते. दुःख गेलेलं नाही आणि ते जावं अशी माझी घाईही नाही. पण दिवसात आता इतर गोष्टीही असतात.

या सगळ्यात मला माणसांबद्दल काही कळलं असेल तर ते इतकंच, की भला माणूस आपल्या भलेपणाला साक्षीदार शोधत नाही. कैरीची फोड देणारी ती बाई साखरप्याच्या पुढे उतरून गेली, तिचं नावही मला माहीत नाही. कंडक्टरने तुझी पिशवी अडकली तेव्हा घंटी मारली नाही, थांबला. अशा माणसांवर दुनिया चालते, आणि ती पुष्कळ आहेत. मला ती घराबाहेर पडल्यावर भेटली, आणि घराबाहेर मला तू काढलंस. ज्यांनी हात धरले त्यांना मी टाळत नाही, हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं तर जाते. नाही आलं तरी आता वाट बघत नाही.

एक शेवटचं. पावसाळा संपला की तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि तू ते मला सांगितलं नव्हतंस. तुझ्या सुनेकडून कळलं. मी येऊन राहणार आहे. तुला घरात काठी घेऊन चालता येईपर्यंत राहणार आहे. शब्दकोड्यांच्या पानांची कात्रणं आत्तापासून काढून ठेवते आहे. पहिले काही दिवस तुला स्वयंपाकघरात येऊ देणार नाही, पण रोज सकाळी तुला काय खायचंय ते विचारणार आहे. तेव्हा "तुझं होईल तेच" म्हणायचं नाही. सुनेला माझी गादी बाहेरच्या खोलीत टाकायला सांग.

तुझी,
वसतिगृहातली शेजारीण