बाबांचं रिव्हॉल्व्हर बांद्यात, मी पर्वरीत, आणि मधे पत्रादेवी: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

साहेब, माझ्या बाबांकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. लायसन्सवालं आहे, घाबरू नका. पॉइंट थर्टी टू, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं, १९९९ साली घेतलेलं. बाबांचा तेव्हा काजू बीचा व्यापार होता, एप्रिल-मेमध्ये गावोगाव फिरून बी उचलायची म्हणजे पिशवीत रोकड असायची आणि रात्री-अपरात्री स्कूटरवरून घाटीने घरी यायचं, तेव्हा कुठलं आलंय जीपे न् फोनपे. म्हणून त्यांनी अर्ज केला, चौकशी झाली, लायसन्स मिळालं. इतक्या वर्षांत त्यातून कोणावर एक गोळी सुटलेली नाही. खर्च झालं असेल तर तेल. कोकणातला पावसाळा तुम्हाला माहीत नसेल कदाचित, जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चपलांना पण बुरा येतो, त्यामुळे बाबा दर रविवारी जेवण झाल्यावर पिवळ्या फ्लॅनेलच्या तुकड्यातून ते काढणार, सहाच्या सहा घरं रिकामी आहेत का एकेक करून उजेडाला धरून बघणार, पुसणार, परत गुंडाळून लॉकरमध्ये. आम्ही भावंडं लहान असताना त्या वेळी माजघरात यायला बंदी होती.

आता बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप पण दोन हातांनी धरतात. मागच्या गणपतीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी गेलंय म्हणजे ह्या तुझ्या आवशीच्या गळ्यात पडतला. त्याआधी तुझ्या नावावर करून घे."

मला खरं सांगायचं तर बंदुकीची हौस नाही. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शस्त्र कायद्याचं कलम २१ मी वाचलं, लायसन्सवाला माणूस गेला की घरच्यांनी ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. म्हणजे तेराव्याच्या आधी माझ्या आईने, जिने ते आयुष्यात हातात धरलं नाही, ते पिशवीत घालून ठाण्यात जायचं. त्यापेक्षा बाबा धडधाकट बोलतायत तोपर्यंत काम झालेलं बरं.

आणि कायद्यात सोय पण आहे! शस्त्र नियम २०१६, नियम २५. लायसन्सवाल्याचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं की तो आपल्या वारसांपैकी एकाला नेमू शकतो आणि त्या वारसाला लायसन्स मिळू शकतं, मरायची वाट बघावी लागत नाही. बाबा दोन्हीत बसतात. मी खूश. ऑनलाइन फॉर्म भरला, मेडिकल केलं, शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेतलं, आईची आणि बहिणीची ना हरकत स्टॅम्पपेपरवर घेतली, बहीण अमेरिकेत असते तर तिला त्यासाठी सुट्टी काढून कॉन्सुलेटमध्ये जावं लागलं, असो.

अडचण एकच की मी गोव्यात राहतो. नोकरी, घर, आधार, मतदान सगळं पर्वरीचं. गाव महाराष्ट्रात, बांद्याच्या जवळ. घरून निघालो की तासाभरात गावात, एवढं अंतर. मधे दोन राज्यांच्या हद्दीवर पत्रादेवीचा चेकनाका.

पलीकडचं, म्हणजे गोव्यातलं ऑफिस म्हणालं, लायसन्स तुमच्या पत्त्यावर म्हणजे गोव्यात निघेल, पण त्यावर हत्यार चढवायचं तर ते आणून दाखवा, नंबर जुळवून बघावा लागतो. ठीक, रास्त आहे. अलीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं ऑफिस म्हणालं, बाबांच्या लायसन्सवरून कमी करायचं तर मुलाच्या लायसन्सवर चढल्याचा कागद आणा. हे पण रास्त. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि मी मधे. (क्लार्क लोक चांगले होते दोन्हीकडचे, एकाने तर स्वतःच्या खिशातून झेरॉक्सचे पैसे दिले, माझी तक्रार माणसांबद्दल नाहीये.)

आता ते आणून दाखवायचं कोणी? बाबांचं लायसन्स महाराष्ट्रापुरतं. ऑल इंडिया करून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नाही, काजू बी काय ते मागायला कोलकात्याला जात नव्हते. माझं निघालं तरी ते गोव्यापुरतं. म्हणजे पत्रादेवीच्या अलीकडे ते बाबांचं, पलीकडे माझं, आणि बरोब्बर नाक्यावर गाडीच्या डिकीत असेल तेव्हा ते कोणाचं? तिथे पोलिसाने डिकी उघडायला सांगितली तर बिनलायसन्सचं हत्यार म्हणून शस्त्र कायद्याचं कलम २५, आणि त्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच. वकिलाला विचारलं तर म्हणे प्रवासापुरती परवानगी घ्या. ती कोणाकडून घ्यायची? एका टेबलावर सांगितलं अलीकडून, दुसऱ्या टेबलावर पलीकडून, तिसऱ्याने विचारलं की नक्की कुठल्या फॉर्मवर पाहिजे तुम्हाला. मला माहीत असतं तर मी तिथे कशाला उभा असतो!

आणि हे फक्त रिव्हॉल्व्हरचं नाही बरं का. आमच्या भागात शेती संरक्षणाच्या बंदुका घरोघरी आहेत. दोडामार्गात बागायत आणि गोव्यात घर अशी कितीतरी माणसं आहेत. त्यांचे म्हातारे पण थकत चाललेत. रानडुकराला आणि गव्याला राज्याची हद्द कळत नाही, हत्ती तर कर्नाटकातून दोडामार्गात उतरले आणि गोव्यात पण जाऊन आले, त्यांच्याकडे कोणी एनओसी मागितली नाही.

बरं, शस्त्रं हा विषय राज्यांचा असता तर समजू शकलो असतो. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तो केंद्राच्या सूचीत आहे, पाचव्या नंबरला. कायदा एक, १९५९ चा. नियम एकच. लायसन्सवाल्यांचा डेटाबेस देशभराचा एक, प्रत्येकाला एक युनिक नंबर दिलाय, तो नंबर घेण्यासाठी बाबांनी किती हेलपाटे मारलेत ते आम्हाला माहीत. मग त्याच डेटाबेसमध्ये एका ऑफिसला दुसऱ्याची नोंद दिसत असेल तर कागद मीच का वाहायचे?

तुम्ही म्हणाल जमा करून टाका ना, कशाला डोकेदुखी. बाबांना मी हे एकदा बोललो. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, उठले, फ्लॅनेल सोडलं आणि बॅरलच्या खाली, ट्रिगर गार्डजवळ, तांदळाएवढा एक डाग दाखवला. २०२४ मध्ये आधी लोकसभा मग विधानसभा, दोन्ही वेळा आचारसंहिता लागल्यावर ठाण्यात जमा केलं होतं, त्यातल्या एका वेळी परत आलं ते गंज घेऊन. बाबांनी पावती फाईलला लावली आणि डाग महिनाभर घासत बसले. तेव्हापासून त्यांचं मत झालंय की जमा केलेली वस्तू म्हणजे गेलेली वस्तू. मत चुकीचं असेल पण माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

बहिणीला हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, तुला वाटत असेल अमेरिकेत बाप मुलाला पिस्तूल असंच देऊन टाकतो, पण दोघं वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील तर नाही देता येत, १९६८ पासून तसा केंद्राचा कायदा आहे. हत्यार ज्याला मिळणार त्याच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे पोचवायचं, तिथे मुलाने ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, डीलर त्याची पार्श्वभूमी तपासून घेणार, मग हातात देणार. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलं तर त्याला वेगळी सूट. तिथलं बाकी काही आपल्याला नको, शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. पण ज्या देशात बंदुका बिस्किटासारख्या मिळतात असं आपण म्हणतो तिथे पण या एका कामाला ठरलेली वाट आहे, आणि आपण एवढे कडक असून आपल्याकडे वाट अशी की म्हाताऱ्याने आणि मुलाने नाक्यावर उभं राहून विचार करायचा.

तर माझी मागणी एवढीच. नियम २५ खाली वारस दुसऱ्या राज्यातला असेल तर एकच अर्ज असावा, तो दोन्ही जिल्हादंडाधिकाऱ्यांना एकाच वेळी दिसावा. हत्यार गाडीच्या डिकीतून न्यायला लावूच नका, अलीकडच्या डीलरने पलीकडच्या डीलरकडे पाठवावं, त्याचा खर्च आम्ही देतो, पावती घेतो. पलीकडे नंबर जुळला की माझ्या नावावर चढावं आणि त्याच क्षणी बाबांच्या नावावरून उतरावं. चौकशी हवी तेवढी कडक करा, दहा वेळा बोलवा, माझी ना नाही. फक्त मधल्या त्या वेळात ते कोणाच्या ताब्यात आहे हे एका कागदावर लिहिलेलं असू दे.

सध्या रिव्हॉल्व्हर लॉकरमध्येच आहे. रविवारी आता मी गावी जातो, बाबा खुर्चीत बसतात, लॉकरची चावी त्यांच्याच कमरेला असते, आणि पुसायचं कसं ते तोंडाने सांगतात. पुसतात अजून तेच, कारण लायसन्स त्यांचं आहे आणि मी हात लावलेला त्यांना चालत नाही. अर्ध्या तासाचं काम दीड तास चालतं.

लायसन्स येत्या मार्चमध्ये रिन्यूअलला आहे. ते पाच वर्षांसाठी परत बाबांच्याच नावाने करून घ्यायचं की थांबायचं, एवढं तरी मार्चच्या आधी कळवा.

आपला,
एका परवानाधारकाचा मुलगा
पर्वरी, गोवा