शपथ घेण्याआधी हेही वाचावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आपल्या दैनिकात व्हिसा, घरभाडे आणि थंडी यांविषयी पुष्कळ मजकूर येतो; परंतु ज्यांच्या भूमीवर आपण राहायला जातो त्या मूलनिवासींचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो, म्हणून हे पत्र.

वायव्य ऑन्टारिओतील सू लुकआउट या सहा हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावात मी काही वर्षे राहत आहे. उत्तरेकडील ‘फर्स्ट नेशन्स’ या मूलनिवासी समाजांच्या सुमारे तीस वस्त्यांचे लोक औषधपाण्यासाठी याच गावी येतात. त्यांतील बहुतेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. त्यामुळे गरोदर बाईला दिवस भरण्याच्या काही आठवडे आधीच, अनेकदा एकटीने, विमानाने येऊन इथे राहावे लागते. मी नवा असताना एका देशबांधवानेच मला ‘या लोकांपासून चार हात लांब राहा’ असे बजावले होते. पहिले वर्षभर मी ते पाळले, याची आजही लाज वाटते.

या गावात दीर्घकाळ दोन रुग्णालये होती, एक मूलनिवासींसाठी केंद्र सरकारचे आणि दुसरे इतरांसाठी प्रांताचे. १९८८ मध्ये सॅंडी लेक या फर्स्ट नेशन्स वस्तीच्या जोसायस फिडलर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी केंद्राच्या रुग्णालयात उपोषण केले (उपोषणाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको), तेव्हा कुठे आरोग्यसेवेची स्वतंत्र चौकशी झाली. दोन्ही रुग्णालये एक करण्याचा करार १९९७ मध्ये झाला आणि ‘मेनो या विन’ या एकत्रित रुग्णालयाची नवी इमारत २०१० मध्ये उघडली. आज तिथे रुग्णांच्या भाषा बोलणारे दुभाषे आहेत आणि मूस या मोठ्या हरणाचे मांस, मासे असे त्यांच्या घरचे अन्नही रुग्णांना मिळते.

इमारत एक झाली म्हणून दुकानातली संशयी नजर किंवा भाड्याची खोली नाकारणारा दरवाजा आपोआप बदलत नाही. त्यासाठी गावात वंशद्वेषविरोधी समिती आहे. अशा कामात नव्याने आलेल्या भारतीयांनी पाहुण्यासारखे बाजूला उभे राहू नये, असे माझे ठाम मत आहे. गावाजवळच्या, मूलनिवासी मुलांसाठीच्या पेलिकन लेक निवासी शाळेत आईबापांपासून तोडून ठेवलेली मुले आज आजी-आजोबा आहेत. त्यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे हीदेखील या कामाची सुरुवात आहे.

कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेत २०२१ पासून फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तीन मूलनिवासी समूहांच्या हक्कांचा व राजसत्तेशी झालेल्या करारांतील हक्कांचा उल्लेख आहे. निवासी शाळांच्या इतिहासाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी शपथेतील हा बदल ही शेवटची. आपली मुलेबाळे ही शपथ मोठ्याने म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो. कॅनडातील महाराष्ट्र मंडळांनी नवागतांच्या मार्गदर्शनात या करारांची माहिती द्यावी आणि आपल्या दैनिकानेही स्थलांतराच्या पुरवणीत त्यासाठी जागा राखावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सू लुकआउट (ऑन्टारिओ, कॅनडा)