तुटलेल्या अक्षराबद्दल आभार

मुंबई

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मराठीत भरलेल्या अर्जात अधूनमधून काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह का उगवतं, याचं उत्तर आम्ही डेटाबेसमध्ये शोधत होतो. तुम्ही रिक्वेस्ट (ब्राउझरकडून सर्व्हरला येणारी विनंती) वाचणाऱ्या कोडवर बोट ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

रिक्वेस्टची बॉडी, म्हणजे तिच्यातला मजकूर, तुकड्यातुकड्यांनी येते आणि तुकडा बाइट मोजून तुटतो, अक्षर बघून नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइटचं. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) येणारा प्रत्येक बफर, म्हणजे बाइटांचा तुकडा, लगेच स्ट्रिंगला (मजकुराला) जोडला, की सीमेवरच्या चिन्हाचे २ बाइट इकडे, १ तिकडे, आणि दोन्हीकडे कचरा. इंग्रजी अक्षर १ बाइटचं, म्हणून इंग्रजीत टेस्टिंग करणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही! तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता तुकडे ॲरेत (यादीत) साठतात, ‘एंड’ ही बॉडी पूर्ण आल्याची खूण आल्यावर बफर एकत्र जोडले जातात आणि मगच त्यांची स्ट्रिंग होते.

कंटेंट-लेंग्थ, म्हणजे बॉडी किती बाइटची हे सांगणारा हेडर, त्याचंही तेच. ‘मुंबई’ची जावास्क्रिप्टमधली लांबी ५, बाइट १५. पाठवणाऱ्याने ५ लिहिले तर सर्व्हर अख्खा ‘म’ आणि उकाराचे २ बाइट घेऊन थांबतो. उरलेले १० बाइट त्याला पुढची रिक्वेस्ट वाटतात, आणि भलत्याच ठिकाणी ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’ हा एरर) दिसतो.

एकूण लांबी न सांगता तुकडे पाठवण्याच्या चंक्ड पद्धतीत तर हा हेडर नसतोच. त्यामुळे प्रत्येक तुकड्यागणिक बाइट मोजायचे, मर्यादा ओलांडली की ४१३ (‘बॉडी फार मोठी’ हा एरर) द्यायचा. (तो आधी आमच्या कोडच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्स या सर्व्हरकडून आला असेल तर कोड चाळू नये, तिथली मूळ मर्यादा १ एमबी आहे.)

विरार लोकलमधून कोणी फोटो चढवतोय आणि मध्येच रेंज गेली, तर ‘एंड’ येतच नाही. ‘क्लोज’ (जोडणी बंद झाल्याची खूण) येतो. तेव्हा रिक्वेस्ट पूर्ण आली का हे सांगणारं ‘कम्प्लीट’ खोटं निघालं तर अर्धवट फाइल पुसायची. ही साफसफाई आम्ही ‘एंड’मध्येच लिहून बसलो होतो.

तुमची चाचणी मात्र कायमची ठेवली आहे: दोनशे केबी सलग देवनागरी मजकूर, पुढे शून्य, एक आणि दोन इंग्रजी अक्षरं लावून तीनदा पाठवायचा. तुकडे त्याच जागी तुटले, तर प्रत्येक सीमेवर तीनपैकी दोनदा चिन्ह फुटतंच.

आपले,
अर्जांचं सर्व्हर-कोड सांभाळणारे आम्ही सगळे