बंड्यास पत्र: शर्यत दुपारी असते

स्टेलेनबॉश, दक्षिण आफ्रिका
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बंड्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या दोघांची केप एपिकला, इथल्या डोंगरी सायकल शर्यतीला, नोंदणी झाल्याचं दादाकडून कळलं. मार्च म्हणजे आंब्याच्या पहिल्या पेट्या भरायचे दिवस, आणि नेमकी तेव्हाच बागेतली दोन धडधाकट पोरं गायब, म्हणून तो कुरकुरत होता. "डोंगरच चढायचा तर आपला अणुस्कुरा घाट काय वाईट?" हे त्याचं म्हणणं. त्याची समजूत वहिनी काढतील. तू कामाचं तेवढं वाच.

ही शर्यत 2004 पासून चालू आहे. संघ दोघांचा, आधी एक छोटा प्रोलॉग, म्हणजे सलामीची फेरी, मग ओळीने सात दिवस सात टप्पे. मार्ग दरवर्षी बदलतो, पण एकूण अंतर साधारण 600 ते 700 किमी आणि चढ 15,000 मीटरच्या आसपास धरून चाल. म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाई नऊ वेळा. दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, पडलं तर दंड. म्हणून तुमचा वेग तुमच्यातला जो हळू असेल त्याचा. चढावर त्याने पुढे राहायचं, दमदार गड्याने मागे. सपाटीवर आणि वाऱ्यात उलटं. हे आत्ताच ठरवा, तिथे चौथ्या दिवशी ठरवायला बसलात तर भांडण होईल.

एक दिवसाच्या शर्यतीत पाय चांगले असले की भागतं. इथे टप्पा संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुटेपर्यंतचे सोळा-सतरा तास कसे घालवलेस त्यावर सगळं ठरतं. बहुतेक जोड्या चढावर नाही, दुपारी हरतात. पोचल्या पोचल्या सावलीत पसरायचं, तासाभराने भूक मेलेली, सायकल संध्याकाळी बघू म्हणून तशीच, आणि घामट शॉर्ट अंगावर.

क्रम असा ठेव. रेषा ओलांडल्यावर अर्ध्या तासात वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम कर्बोदक पोटात गेलं पाहिजे, म्हणजे तुझ्यासारख्याला 70 ग्रॅम, आणि सोबत 20-25 ग्रॅम प्रथिनं. हे सायकल धुवायच्या रांगेत उभं राहूनच खायचं. सायकल धुऊन ठेवली की लगेच शॉर्ट उतरव, साबणाने अंग धू, कोरडं कर. बसायच्या जागी गळू उठतं ते घासण्यापेक्षा ओल्या कपड्यात तासभर बसण्याने. शॉर्ट चार आण. धुतलेली इथल्या कोरड्या हवेत दोन-तीन तासांत वाळते. आपल्याकडे पावसाळ्यात चार दिवस कुबट राहते तसं इथे होत नाही.

आता सायकल. पाण्याचा जोरदार फवारा हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस फिरतो तो भाग), हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर मारू द्यायचा नाही. सील ओलांडून पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पॅडल मारताना करकर सुरू होते. इथली धूळ पिठासारखी बारीक. ती तेलात मिसळली की पॉलिशपेपरचं काम करते, साखळी आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) दोन्ही खाते. साखळी आधी फडक्यात धरून उलटी फिरवत पूस, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग कोरड्या हवेचं वंगण, प्रत्येक रोलरवर एक थेंब. बारा गिअरच्या साखळीला साधारण 126 कड्या असतात, म्हणजे तेवढेच थेंब, ओतायचं नाही. रात्रभर मुरू दे आणि सकाळी निघण्याआधी बाहेरून पुन्हा पूस. रोलरच्या आत राहिलेलंच कामाचं, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. सकाळी घाईत वंगण सोडून सुटणारे दुपारपर्यंत काळी राड घेऊन येतात. आणि घरात सगळ्या गोष्टींना खोबरेल लावायची आपली सवय सायकलला लावू नकोस. 24 अंशांखाली ते थिजतं, इथल्या रात्री तेवढ्या सहज उतरतात. शिवाय डिस्कवर चुकून बोट लागलं तर पॅड फेकून द्यावे लागतील.

साखळी 0.5 टक्के ताणली असेल तर नवी घाल, पण निघायच्या दोन आठवडे आधी. झिजलेल्या कॅसेटवर नवी साखळी जोर लावला की दातावरून उडते. तसं होत असेल तर कॅसेटही बदलावी लागेल, आणि हे घरी कळलेलं बरं.

टायरचं सविस्तर लिहितो, कारण पंक्चरनेच सर्वात जास्त वेळ जातो. सराटे तुला माहीत आहेत. तेच गोखरू इथे शेताच्या कडेला पसरलेलं असतं. इथले लोक त्याला दुबेल्की म्हणतात. ट्यूब घालून आलास तर पहिल्याच टप्प्यात तीनदा उतरशील. ट्यूबलेसच हवं, 29 इंचाचं 2.35 किंवा 2.4 रुंदीचं, बाजू जाड असलेलं. दीडशे ग्रॅम वजन वाढेल, वाढू दे. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात 100 ते 120 मिली. आपल्याकडच्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांत सुकून रबराचे गोळे होतात, म्हणून नवं सीलंट इथे पोचल्यावर घाल. हवा तुझ्या 70 किलोला पुढे 20-21, मागे 23-24 पीएसआय. दगडावर रिम ठणकली तर 1 पीएसआय वाढव, एकदम पाच नाही.

भोक पडलं आणि सीलंट पिचकारीसारखं उडू लागलं की थांबून ती जागा चाक फिरवून खाली आण. अर्ध्या मिनिटात बंद झालं नाही तर प्लग, म्हणजे भोकात घालायची चिकट रबरी पट्टी. सुई घुसवून पट्टीचा दोन-तृतीयांश भाग आत घाल, झटक्यात सुई ओढ, बाहेरची शेपटी 3-4 मिमी ठेवून काप. काटा दिसतोय म्हणून आधी तो उपटू नकोस. प्लग हातात तयार झाल्यावर उपट, नाहीतर उरलेली हवा जाते, टायर रिमवरून सुटतो आणि मग छोट्या पंपाने तो परत बसता बसत नाही. चीर 6 मिमीच्या वर असेल तर प्लगवर वेळ घालवू नकोस. आतून टायरचा तुकडा लाव आणि ट्यूब घाल. पण ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरव, आणि अगदी हलकी फिरव. सीलंटच्या भरवशावर शंभर किलोमीटर चाललेल्या टायरमध्ये दहा-पंधरा काटे आत टोकं काढून बसलेले असतात. ते काढले नाहीत तर नवी ट्यूब लगेच पंक्चर होते. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह आवळून घट्ट बसलेला असतो, म्हणून त्याची रिंग हाताने सुटते का हेही घरी बघून ठेव.

ब्रेकची मला तुझ्या सायकलबाबत जास्त काळजी आहे, कारण ती खाडीच्या वाऱ्यावर उभी असते. खारट हवेने कॅलिपरमधले (डिस्कला धरणाऱ्या भागातले) पिस्टन जड होतात, एक बाजू हलते, दुसरी नाही, आणि पॅड तिरके झिजतात. चाक आणि पॅड काढून पिस्टनच्या कडा कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूस, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने आत ढकल, दोन-तीनदा. स्क्रू ड्रायव्हर लावू नकोस. पॅड 1 मिमीवर आले की बदल. इथे धातूमिश्रित सिंटर्ड पॅड आण, दोन जोड्या जास्तीच्या. साधे रेझिन पॅड चालतात, पण पावसात वाळूमिश्रित चिखल लागला तर एका टप्प्यात संपू शकतात. नवे पॅड घातले की 20-25 किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक दाब, चाक लॉक न करता. हे न करता थेट उतारावर नेलेस तर पॅड चकाकतात, किंचाळतात आणि धरत नाहीत. तुझ्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे की डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड, ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं तर सील फुगून ब्रेक संपला.

सोबत अंगावर काय ठेवायचं ते दोघांत वाटून घ्या. पंप आणि प्लग दोघांकडे. ट्यूब, क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) दोन, चेन तोडायचं हत्यार, 4, 5, 6 मिमीच्या ॲलन की आणि टी-25 हे एकाकडे चालेल. क्विक लिंक 12 गिअरची 12 गिअरलाच लागते. मल्टिटूल खिशात नको, पडलास तर पाठीत घुसतं.

सरावाला बाहेर जायची गरज नाही. पावसपासून पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर हा सागरी महामार्ग खाडीतून सड्यावर आणि सड्यावरून खाडीत असा सतत वर-खाली होतो. लांब चढ एकही नाही, पण विश्रांतीही नाही, आणि केपचे टप्पे पुष्कळदा असेच असतात. लांब, एकसंध चढासाठी पाचलहून अणुस्कुरा, न थांबता, श्वास न लागता बोलता येईल इतक्या जोरावर. सड्यावरची जांभ्याची गोळीदार खडी इथल्या शेल दगडाच्या कपच्यांसारखीच सरकते. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही, बाहेरचा पाय खाली, वजन पुढच्या चाकावर. लोक घाबरून मागे सरकतात आणि पुढचं चाक हलकं होऊन घसरतात. पायऱ्या उतरायला गावची पाखाडी उत्तम, मात्र शेवाळ पूर्ण वाळल्यावर, आणि गुरं परतायच्या वेळी नाही. कातळावर फिरताना कातळशिल्पांच्या रेघांवरून चाक नेऊ नकोस. कशेळीच्या हत्तीवर टायरचे ओरखडे दिसले तर मी तुला इथे उतरवून घ्यायला येणार नाही.

आठवड्याला आठ तासांपासून सुरुवात कर, फेब्रुवारीपर्यंत बारा-चौदावर ने, दर चौथ्या आठवड्यात जवळपास निम्मं कमी कर. फवारणीच्या दिवशी पहाटे. फेब्रुवारीत एकदा लागोपाठ तीन दिवस चार-पाच तास चालवा, तेही दुपारचा सगळा क्रम पाळून: खाणं, धुणं, पॅड, साखळी. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी. शेवटचे दहा दिवस निम्मं.

खाण्याचं गणित तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदक. मोठं केळं साधारण 25-30 ग्रॅम देतं. 60 वर शरीर तयार नसेल तर 90 पोटात नुसतं ढवळतं, म्हणून जानेवारीपासून सरावातच वाढवत जा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. 750 मिलीच्या बाटलीत 40 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि कोकमाचं आगळ, हे बाजारच्या पावडरीइतकंच काम करतं. पण आगळ आधीच खारवलेलं असतं, ते घातलंस तर मीठ चिमूटभरच. सोलकढी मात्र संध्याकाळी. नारळाचं दूध चढावर पोटात बसून राहतं. सकाळी पेज, दोन वाट्या भाताची, मीठ घालून, सुटायच्या अडीच तास आधी. तळलेलं नाही, कुळीथही नाही, रात्री हवं तर. इथली हवा कोरडी. घाम अंगावर दिसत नाही, जर्सीवर पांढरी नक्षी उठते तेव्हा कळतं. आपल्याकडे निथळताना माणूस आपोआप पितो, इथे तहानेची वाट बघितलीस तर उशीर झालेला असतो.

तंबू ओळीने असतात, शेजारचा घोरतो, कानात घालायचे बोळे आणि डोक्यावरचा दिवा आण.

खोक्यात भरताना दोन्ही पॅडल काढ, डाव्याचे आटे उलटे असतात. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिच्यावरून, सोडवून फोममध्ये गुंडाळ. चाकं काढलीस की ब्रेक पॅडमध्ये प्लास्टिकची चकती घाल, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जाऊन पॅड चिकटतात. टायरवरची तांबडी माती घासून काढ, विमानतळावर मातीवरून अडवतात. हवेच्या सीओटू नळ्या, वंगण, सीलंट आणू नकोस, मी इथे घेऊन ठेवतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. विजेच्या प्लगचा ॲडॅप्टर विकत घेऊ नकोस, आपल्या गिझरचा जाड तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटला बसतो, तसाच प्लग असलेली एक्स्टेन्शन आण. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्याचा त्रास होणार नाही.

एक वस्तू इथल्या दुकानात मिळेलच असं नाही, डिरेलर हँगर. सायकल पडली की आधी तोच वाकतो आणि गिअर चाकाच्या तारांत जातो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, शेजाऱ्याचा चालत नाही. दोघांचे दोन-दोन लागतील. पत्र पोचल्यावर दोन्ही सायकलींचा हँगर काढून दोन्ही बाजूंनी फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि सायकलचं मॉडेल व साल लिही. मी इथून मागवून ठेवतो.

ती. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका