ओळ 417 दाखवणाऱ्या मुलाला

अरे बाळा,

नाव लिहू नका म्हणालास म्हणून लिहीत नाही, पण वाचलंस की तुला कळेलच. लालबागला आमच्या पतपेढीत तू आईचं आरडीचं पासबुक भरून घ्यायला आला होतास आणि मी काउंटरच्या आत कॉम्प्युटरशी भांडत बसले होते. तू आपलं सहज विचारलंस, काकू काय झालं, आणि मी पण काय, अनोळखी मुलापुढे सगळं ओकून टाकलं.

आधी मागच्या वर्षीचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, तिथे डिव्हिडंड मंजूर, मग दिवाळीआधी एक्सेलमधली सभासदांची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, करून आमच्या प्रोग्राममध्ये टाकायची आणि त्यातून बँकेला पाठवायची फाईल निघते. यादीत 1284 नावं. स्क्रीनवर आलं ‘सक्सेसफुल’. पैसे गेले 1281 जणांना. आम्हाला कळलं कधी, तर काळाचौकीहून एक आजी चालत आल्या, गिरणी कामगाराची बायको, आणि काउंटरला हात टेकून म्हणाल्या, माझं नाव काढलंत का गं? काय उत्तर देणार मी त्यांना.

ज्यांनी पैसे घेऊन तो प्रोग्राम करून दिला होता त्यांना फोन केला तर म्हणे, मॅडम तुमचा डेटाच घाण आहे, साफ करून पाठवा. अरे हो, पण कुठे घाण आहे ते तर सांगाल की नाही? 1284 ओळींत मी काय हातात भिंग घेऊन बसू? फाईल उघडलीच नाही तर ‘इनव्हॅलिड फाईल’, आणि उघडली नि एखाद्या ओळीत काही बिनसलं तर ती ओळ गुपचूप गाळून पुढे, हा सगळा त्यांचा कारभार, तो पण तू दाखवलास तेव्हा कळला. त्यांच्या कोडमध्ये एक्सेप्ट आणि त्याच्या खाली पास, म्हणजे चूक आली तर तोंड बंद ठेवून पुढे चालायचं, असं तू समजावलंस आणि मला आमच्या जुन्या कमिटीतले दोघंतिघं आठवले, असो.

तू नंतर काय काय केलंस ते सगळं मला सांगता येणार नाही आणि सांगून लोकांना कंटाळाच येईल. पण पहिल्याच रकान्याचं नाव डोळ्यांना दिसतंय आणि प्रोग्राम म्हणतो सापडत नाही, तर एक्सेलने फाईलच्या तोंडाशी तीन न दिसणारे बाइट चिकटवलेले असतात म्हणून, हे ऐकून मी खरंच कपाळावर हात मारला. दोन दिवस मी ‘सभासद क्र.’ पुन्हा पुन्हा टाईप करत होते रे!

मग तू चुकांचे प्रकारच पाडलेस, खाते नंबरची चूक वेगळी, आयएफएससीची, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडची, वेगळी, आणि प्रत्येक चूक स्वतःच सांगते कुठली ओळ, कुठला रकाना, तिथे काय लिहिलंय आणि काय हवं होतं. तेही मराठीत. ‘आयएफएससी 11 अक्षरी हवा, पाचव्या जागी शून्य हवं, इथे ओ अक्षर आहे.’ बघ, एवढंच तर हवं होतं! आणि पहिल्या चुकीला अडून बसायचं नाही, सगळी यादी तपासून सगळ्या चुका एकदम दाखवायच्या, नाहीतर एक दुरुस्त करा, परत चालवा, दुसरी करा, परत चालवा, दिवाळी इथेच झाली असती.

पण मी पत्र लिहायला बसले ते यातल्या कशासाठीच नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा तुझ्या प्रोग्रामने सांगितलं ओळ 431. मी 431 वर गेले तर तिथे सगळं ठीकठाक. मी मनात म्हटलं झालं, आता हा पण म्हणणार डेटा घाण आहे. तू मात्र खुर्ची ओढून शेजारी बसलास आणि विचारलंस, काकू, तुम्ही ओळ कुठून मोजता? मी एक्सेलच्या डाव्या बाजूचे ते राखाडी आकडे दाखवले. तू दोन मिनिटं बघत राहिलास आणि म्हणालास, मग माझंच चुकलं. आमच्या सभासदांचे पत्ते म्हणजे चाळीचं नाव, रूम नंबर, मजला, गल्ली, आणि त्यातले काही मी एक्सेलच्या एकाच चौकटीत ऑल्ट एंटर मारून खाली खाली लिहिलेले, तुझा प्रोग्राम त्या प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळ धरत होता आणि तिथवर अशा 14 ओळी जादा निघाल्या. खरी ओळ 417. तुला सांगता आलं असतं की काकू 14 वजा करा, किंवा पत्ते एका ओळीत लिहा. तू तुझं मोजणं बदललंस, माझ्या डाव्या बाजूच्या आकड्यांसारखं. शीर्षकाची ओळ धरून.

25 वर्षं मी या काउंटरला आहे, मला हे कुणी विचारलेलं आठवत नाही, की तुम्ही कुठून मोजता.

पत्ता विचारला की नुसतं ‘पुढे जा’ म्हणणारे आपल्या मुंबईत पुष्कळ भेटतात, पण एखादा हातातली पिशवी खाली ठेवून सांगतो, तिसरी गल्ली, दत्ताचं देऊळ, समोर पानवाला, तिथून डावीकडे. असली माणसं आहेत म्हणून चाललंय रे सगळं, लोकलमध्ये पण कोणीतरी सरकून चौथी सीट देतंच की.

यंदा एकंदर 23 चुका निघाल्या. बऱ्याचशा खाते नंबरांच्या, पुढची शून्यं एक्सेलने खाल्लेली. एका संध्याकाळी सगळ्या दुरुस्त केल्या, आणि फाईलमध्ये 1284 च्या 1284. आजींना मी स्वतः फोन केला, त्यांना आधी वाटलं मी फसवणुकीवाली आहे, ओटीपी देणार नाही म्हणाल्या!

आणि तू त्या गडबडीत आईचं पासबुक इथेच विसरून गेलास. ड्रॉवरमध्ये ठेवलंय, एन्ट्री पण करून घेतली आहे. शनिवारी आलास तर दुपारी 1 च्या आत ये, नंतर मी नसते.

तुझी,
काउंटरवरची काकू